सत्तावीस हजार त्रेसष्ट

"अंबिका बत्तुल, तूही. उद्या घरीच राहायचं."

माशाळे सरांनी सहावं नाव वाचलं आणि हातातली चिठ्ठी शर्टाच्या खिशात टाकली. आधीची पाच पोरं दप्तर उचलून केव्हाच दाराशी पोचली होती. फुकटची सुट्टी कुणाला नको असते? अंबिका मात्र बाकावरून सावकाश उठली. वही दप्तरात घातली, दप्तराचा तुटका बंद हाताला गुंडाळला आणि विचारलं, "परवा यायचं का, सर?"

"परवा ये की. परवा काय नाही."

मी दाराशी उभी होते. काखेत गुंडाळलेला तक्ता, हातात रंगीत खडूंचा डबा. दुसऱ्या दिवशी त्या वर्गावर, पाचवी ब वर, माझा बी.एड.चा वार्षिक पाठ होता. कोल्हापूरहून परीक्षक येणार होते. माशाळे सर त्या वर्गाचे वर्गशिक्षक. माणूस वाईट नव्हता. आम्हा छात्राध्यापिकांना ते स्वतःच्या डब्यातली भाकरी द्यायचे.

"तुझ्या भल्यासाठीच करतोय, चिट्याल," ते म्हणाले. "गेल्या साली याच वर्गात एका पोरीचा पाठ बुडाला. परीक्षकानं नेमकं असल्याच एकाला उठवलं. आता सेहेचाळीस राहतील, सगळी बोलकी. कुणाला काय विचारायचं ते तू आज पक्कं करून टाक."

"हो सर," मी म्हणाले.

तेव्हा मी 'हो सर' म्हणाले होते, हे आधीच सांगून टाकते.

ही गोष्ट सोलापूरची, पस्तीसेक वर्षांपूर्वीची. शाळा पूर्व भागात होती. चारही बाजूंनी यंत्रमागांची खटखट, आणि घराघरांतून उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणाऱ्या बायका. वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं घरी तेलुगू बोलणारी. मीही त्याच भागातली, दोन गल्ल्या पलीकडची. माझ्या आडनावावरून कुणालाही ते कळायचं. पण कॉलेजात मी मराठी अशी बोलायचे की ऐकणाऱ्यानं म्हणावं, सदाशिव पेठेत वाढली असेल. त्याचा मला अभिमान होता.

आमच्या कॉलेजात पाठ कसे व्हायचे ते थोडक्यात सांगते. पाठाचं टाचण आदल्या वर्षीच्या मुलींच्या फायलीतून उतरवायचं. उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, फलकलेखन, सगळं चौकटीत. कुठला प्रश्न कुणाला विचारायचा ते आधी ठरलेलं. पोरांनाही ते माहीत असायचं. प्रश्न विचारला की हात सगळ्यांनी वर करायचे, ज्याला येतं त्यानं उजवा आणि ज्याला येत नाही त्यानं डावा. मागं बसलेले प्राध्यापक 'उत्तम प्रतिसाद' असं लिहून जायचे.

त्या वर्षी वळसंगकर मॅडम आल्या. एका वर्षाच्या नेमणुकीवर, गणिताची अध्यापन पद्धती शिकवायला. बुटक्या, जाड चष्मा, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता खिडकीकडे बघायची सवय. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्या फायली गोळा करून कपाटात ठेवल्या आणि प्रत्येकीला एक शंभर पानी वही दिली.

"यात तुम्ही काय शिकवलंत ते लिहायचं नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येकीनं चार मुलं घ्यायची. वर्गातली सर्वात मागे पडलेली. आठवड्यातून तीन दिवस त्यांच्याजवळ बसायचं. ती जे चुकीचं उत्तर देतील ते जसंच्या तसं लिहायचं. आणि खाली लिहायचं, ते तसं का आलं."

कुणीतरी विचारलं, "आणि बरोबर उत्तर आलं तर?"

"बरोबर आलं तर आपल्याला काहीच कळत नाही. घोकून आलं, शेजारच्याचं बघून आलं, समजून आलं, काही कळत नाही. चुकतं तेव्हा कळतं."

आम्ही बाहेर येऊन हसलो. पण अंतर्गत गुण त्यांच्या हातात होते, म्हणून वह्या भरायला लागलो.

माझ्या चौघांत अंबिका होती. अकरा वर्षांची, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, बोटांना कायम तंबाखूचा वास. शाळेत यायच्या आधी ती आईबरोबर बिडीची पानं कापायची. तिला मी संख्या सांगितली, सत्तावीस हजार त्रेसष्ट. तिनं लिहिलं, ७२०३६. अठ्ठेचाळीस सांगितले, तर ८४. मी वहीत उतरवलं आणि खाली कारण लिहिलं, 'लक्ष देत नाही.'

मॅडमनी त्यावर लाल रेघ मारली. "हे तिचं कारण नाही, हे तुझं आहे. पुन्हा बस."

पुढच्या खेपेला लिहिलं, 'घरी अभ्यास घेतला जात नाही.' पुन्हा लाल रेघ.

तिसऱ्या खेपेला मी चिडूनच अंबिकाच्या शेजारी बसले. बेरीज दिली होती. ती बोटं दुमडत, ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. मी कान दिला. ती तेलुगूत मोजत होती. आणि बेरीज बरोबर होती.

मी दाराकडे बघितलं. व्हरांड्यात कुणी नव्हतं. मग हलकेच तिला तेलुगूत विचारलं, "मी सांगितलेली संख्या तू कशी ऐकलीस?"

ती दचकली. चोरी पकडली गेल्यासारखी तिनंही दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "तुम्ही आधी सात म्हणालात. मग वीस. म्हणून आधी सात लिहिला."

मराठीत सत्तावीस म्हणताना सात आधी येतो आणि वीस नंतर. तेलुगूत इरवै एडु, आधी वीस, मग सात. जसं बोलायचं तसंच लिहायचं. पोरगी ऐकलेलं इमानदारीनं त्याच क्रमानं उतरवत होती. चार वर्षं तिला ढ म्हणत होते, आणि चार वर्षं ती एकच चूक नियमानं करत होती.

मी म्हटलं, "इरवै एडु वेल, अरवै मूडु. लिही."

तिनं लिहिलं, २७०६३. आणि माझ्याकडे न बघता खालची रेघ पट्टीनं आखली.

त्या दिवशी वहीची दोन पानं भरली. मॅडमनी ती वाचली, चष्मा काढला आणि पहिल्यांदाच खिडकीकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "तुला तेलुगू येतं. तुझं लहानपणी असं होत नव्हतं?"

"व्हायचं, मॅडम."

"मग दोन महिने कसं लक्षात आलं नाही?"

"विसरले होते," मी म्हणाले. "विसरायला फार मेहनत घेतली होती."

त्यांनी चष्मा परत घातला. पानावर सहीसुद्धा केली नाही, नुसती वही मिटून परत दिली.

जानेवारीपर्यंत माझी चौघंही पाच अंकी संख्या लिहू लागली होती. आधी तेलुगूत म्हणायची, लिहायची, मग मराठीत वाचायची. अंबिका घाबरली की अजून चुकायची, पण चुकलं हे तिचं तिलाच कळायचं. तिच्यासारखी आणखी दोन पोरं त्या सहांच्या यादीत होती. उरलेली तीन निराळ्या कारणांनी मागं होती. एकाला फळाच नीट दिसत नव्हता.

त्या दुपारी, यादी वाचून झाल्यावर, मी कॉलेजात परत गेले. 'हो सर' म्हणून बाहेर पडले होते, पण वाटेत बेत बदलला. सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेले. प्राचार्य देशमाने टेबलावर परीक्षकांच्या जेवणाची यादी बघत होते.

"सर, उद्या माझ्या वर्गातली सहा मुलं घरी ठेवली आहेत. ती यायला हवीत."

"का?"

"त्यातल्या तिघांना मी शिकवलंय. पाठ त्याच घटकाचा आहे. बाकीच्यांना तो येतोच, सर. मग मी शिकवू कुणाला?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "चिट्याल, परीक्षा मुलांची नाही, तुझी आहे. तीस मिनिटं. टाचणाप्रमाणे पाठ घ्यायचा, नमस्कार करायचा, बाहेर पडायचं. तुझ्यावर पहिल्या वर्गाची आशा आहे कॉलेजला."

"पण वळसंगकर मॅडमच्या पद्धतीनं..."

"मॅडमची नेमणूक एप्रिलपर्यंत आहे," ते शांतपणे म्हणाले. "पुढे करायची की नाही ते संस्था ठरवणार. उद्या काही कमीजास्त झालं तर कुणाच्या नावावर जाईल, विचार कर."

मी मॅडमना शोधत ग्रंथालयात गेले. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "माझं मी बघते. पण तू मुलांना बोलव असं मी तुला सांगणार नाही."

"का, मॅडम?"

"मी सांगितलं तर तो माझा पाठ होईल."

सकाळी सहालाच उठले. साडी नेसले, पदर पिनांनी बसवला आणि तक्ता न घेताच घराबाहेर पडले. पहिलं घर यल्लप्पाचं, त्याला कारखान्यात धाडलं होतं. दुसऱ्या घराला कुलूप. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या घरची पोरं मी बोलावतेय म्हटल्यावर चहा तसाच टाकून निघाली.

अंबिकाची आई दारातच बसली होती. सुपात तंबाखू, मांडीवर पानांचा ढीग. मी तेलुगूत म्हटलं, "अंबिकाला पाठवा. आज माझा पाठ आहे."

तिचे हात थांबले नाहीत. "सर नको म्हणालेत."

"मी बोलावतेय."

"तुम्ही?" तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "ऑगस्टात तुम्हीच नको म्हणाला होता."



खरं होतं ते. ऑगस्टात माझा पहिला सराव पाठ होता. तेव्हा पोरांना मी धड ओळखतही नव्हते. दोन दिवस वर्गात बसून कोण गप्प राहतं ते बघितलं आणि सहा नावं एका चिठ्ठीवर लिहून माशाळे सरांच्या हातात दिली. "सर, एवढ्यांना उद्या नका बोलावू." सरांनी चिठ्ठी जपून ठेवली. त्या वर्षी त्या वर्गावर ज्या ज्या मुलीचा पाठ झाला, तिच्यासाठी त्यांनी तीच चिठ्ठी काढली. काल खिशात गेली तीही तीच. माझ्या अक्षरातली.

"त्या वेळी मी चुकले," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

"तिला उभं करतील. मागं एकदा साहेब आले होते, तिला उभं केलं, सगळी पोरं हसली. चार दिवस ही कोपऱ्यातून उठली नाही. आज कुणी काही विचारणार नाही ना तिला?"

खोटं बोलणं सोपं होतं. "विचारणार," मी म्हटलं. "मीच विचारणार आहे. चुकली तरी खाली बसवणार नाही."

आई आत बघत राहिली. आत अंबिका आरशाच्या तुकड्यापुढे उभी राहून वेणीची रिबीन बांधत होती. केव्हापासून बांधत होती कोण जाणे. बाहेर आली, चपला घातल्या आणि आईला म्हणाली, "जाते."

चौघं आली. वर्गात शिरताना माशाळे सरांनी बघितलं, तोंड उघडलं, पण तेवढ्यात परीक्षक शेणोलीकर सर आणि प्राचार्य व्हरांड्यातून येताना दिसले. माशाळे सर नुसते बाजूला झाले. दोघं पाहुणे शेवटच्या बाकावर जाऊन बसले. प्राचार्यांनी डोकी मोजली असावीत, कारण त्यांची मान एकदम ताठ झाली.

मी टाचण टेबलावर पालथं ठेवलं. फळ्यावर तारीख लिहिली. 

"संख्या सांगते. सत्तावीस हजार त्रेसष्ट. अंबिका, फळ्यावर लिही."

ती आली. खडू घेतला. मागच्या बाकाकडे एकदा बघितलं, आणि लिहिलं, ७२०३६.

वर्ग हसला. नेहमीसारखा, मनापासून. प्राचार्य परीक्षकांच्या कानाशी काहीतरी बोलले. अंबिकानं पुसायला हात वर केला.

"पुसू नको," मी म्हणाले. "राहू दे. कसं ऐकलंस ते सांग."

ती हातातल्या खडूकडे बघत राहिली. माझ्या मनात आलं, आता मराठीत उत्तर यायची वाट बघितली तर ही कायमची गप्प होईल. मी तेलुगूत विचारलं. भर वर्गात, मोठ्यानं, कॉलेजातल्या कुणाही पुढे पहिल्यांदाच.

हसणं थांबलं. एकदम, बटण दाबल्यासारखं. अंबिकानं आधी माझ्याकडे आणि मग फळ्याकडे बघितलं, आणि तिचं तिलाच कळलं. तिनं त्या आकड्याखाली लिहिलं, २७०६३. मग वर्गाकडे वळून, तेलुगूत सुरू करून मराठीत संपवत म्हणाली, "बाई आधी सात बोलतात. पण सात नंतर लिहायचा. आमच्यात उलटं हाय."

"कुणाकुणाच्या घरी संख्या तेलुगूत म्हणतात?" मी वर्गाला विचारलं.

कुणी हललं नाही. मी स्वतःचा हात वर केला. "माझ्या घरी म्हणतात."

मग पहिल्या बाकावरच्या हुशार पोरीनं केला. मग तिच्या मागच्यानं. डावा-उजवा काही नाही, जो हाताला येईल तो. मी मोजले, एकतीस. पन्नासातले एकतीस. त्यांतल्या कित्येकांनी हे कोडं त्यांचं त्यांनी सोडवलं होतं, कित्येकांचं घोकून दबलं होतं.

पुढचा सगळा वेळ फळ्यावर दोन रकाने होते. मी मराठीत सांगायचे, तेलुगूवाले त्यांच्या भाषेत म्हणायचे, आणि मराठी घरची पोरं ओरडून विचारायची, "आणि एकोणऐंशी? एकोणऐंशीला काय?" डेब्बै तोम्मिदी म्हटल्यावर एक जण म्हणाला, "बाई, हे तर सोपंय. आमचंच अवघड आहे." घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

शेणोलीकर सर पुढे आले. टेबलावरचं टाचण उचलून चाळलं. "घेतलेला पाठ यात नाही."

"नाही, सर."

"शाळेचं माध्यम मराठी आहे, माहीत आहे ना?"

"हो सर. म्हणूनच घेतला."

त्यांनी गुणपत्रकावर काहीतरी लिहिलं आणि निघून गेले. ते रागावले होते असंही वाटलं नाही. त्यांना त्या दिवशी अजून नऊ पाठ बघायचे होते.

आठवड्याभरानं प्राचार्यांनी बोलावलं. पन्नासपैकी सोळा. पास व्हायला वीस लागायचे. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता.

"परीक्षकांशी बोललोय मी," ते म्हणाले. "गुणांचा फेरविचार होऊ शकतो. फक्त ही सही कर."

मी वाचलं. 'प्रा. वळसंगकर यांच्या चुकीच्या मार्गदर्शनामुळे माझ्याकडून मान्य अध्यापन पद्धतीचं उल्लंघन झालं. त्याबद्दल मी दिलगीर आहे.'

"हे खोटं आहे, सर."

"खरं-खोटं कोण विचारतंय? तुझं वर्ष वाचतंय. घरी बाप यंत्रमागावर आहे ना? वर्ष फुकट घालवायची ऐपत आहे?"

नव्हती. म्हणून तर मी तो कागद दोनदा वाचला. मग उलटा केला, त्यांच्याच टेबलावरचं पेन घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'पाठ मी माझ्या मनानं घेतला. मुलांना घरी ठेवण्याची यादी ऑगस्टमध्ये मीच केली होती, त्याबद्दल मी दिलगीर आहे. बाकी कशाबद्दल नाही.' खाली सही केली, भारती नरसय्या चिट्याल, पूर्ण नाव.

त्यांनी ते वाचलं. "आता ऑक्टोबर," ते म्हणाले.

"हो सर," मी म्हणाले. या खेपेचं 'हो सर' मला आवडलं.

मॅडमची नेमणूक पुढे झाली नाही. तुझा तो पाठ झाला नसता तरी ती झाली नसती, असं त्या म्हणाल्या. खरं होतं की माझी समजूत काढायला म्हणाल्या, मला अजून ठाऊक नाही. जाताना त्यांनी माझी वही मागून नेली. घरी वडील आठ दिवस बोलले नाहीत. मी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला बसले, सहा महिने. अंबिका सहावीत गेली. पुढे आठवीत शाळा सुटली तिची, लग्न झालं. तिला मी वाचवलं वगैरे काही म्हणत नाही. पण तिच्या घरचा हिशेब आजही तीच बघते.

ऑक्टोबरात पुन्हा त्याच शाळेत, पाचवी ब वर, नव्या पोरांपुढे उभी राहिले. आदले तीन आठवडे कारखान्यात दुपारची सुट्टी टाकून मी त्या वर्गात जाऊन बसत होते, चुका लिहून घेत. त्या पाठाला मला सत्तावीस गुण मिळाले आणि मी पास झाले. पुढे नोकरी लागली, एकतीस वर्षं शिकवलं.

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी परीक्षक यायच्या आधी प्राचार्य देशमाने दारात आले. वर्ग खच्चून भरला होता, तिसऱ्या रांगेत एका बाकावर चार-चार पोरं. त्यांनी पोरांवरून नजर फिरवली, शेवटच्या बाकापर्यंत. मग हळू आवाजात, पोरांना ऐकू जाणार नाही असं, विचारलं, "सगळीच कशाला बोलावलीस?"

"शाळा आहे, सर," मी म्हणाले, आणि खडू उचलला.